पुढच्याला ओलांडायचं नाही

परवा व्हिडिओवर बोलताना माझ्या नातवाने, निनादने, मला त्याच्या मनगटावरचं घड्याळ दाखवलं. दिवसभरात किती पावलं झाली ते त्यात दिसतं म्हणे. आकडा कमी पडला की जेवणानंतर तो घरातल्या घरात, फ्रीज आणि खिडकी यांच्यामध्ये ये-जा करतो. त्याच्या बहिणीला, ईशाला, त्याचं हसू आलं. मला आलं नाही. मुलांनो, तिकडे परदेशात तुमच्या खिडकीबाहेर पाच महिने बर्फ असतो, शाळेची बस दारात येते आणि दूध लिफ्टने वर येतं. माणूस जिथं राहतो तिथं त्याला जेवढं चालावं लागतं तेवढंच तो चालतो. बाकीचं मुद्दाम करावं लागतं, आणि मुद्दाम करायचं काम आठवणीत ठेवावं लागतं. माझं लहानपण याच्या अगदी उलट होतं. तिथे चालणं आणि धावणं इतकं होतं की त्याला खेळ म्हणतात हेच मला तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. आणि ते कळलं त्या दिवशी मी हरले. ती हकीगत क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला मध्ये थांबवून विचारावं लागणार नाही.

आमचं गाव चंद्रपूरकडच्या मूल या गावापासून चार मैल आत, एका जुन्या तलावाच्या काठावर होतं. तलावाच्या मातीच्या बांधाला आम्ही पाळ म्हणायचो. पाळीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यांच्याही पलीकडे सागाचं आणि मोहाचं रान. सकाळी जाग यायची ती गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंट्यांनी. मग मायचं सूप वाजायला लागायचं आणि त्याच तालात तिचं बोलणं. आमच्या घरी आईला माय म्हणत. उठल्याबरोबर पाण्याच्या दोन खेपा, मग गोठा, मग तलावावर आंघोळ. आंघोळ म्हणजे पाण्यात उडी मारून समोरच्या बुडालेल्या झाडापर्यंत पोहत जायचं आणि परत यायचं. पोहता न येणारं पोर गावात नव्हतं. परत आल्यावर रात्रीचा बासी भात, त्यावर ताक आणि भाजलेले झिंगे. ते झिंगे ढिवरांच्या जाळ्यातून आदल्या संध्याकाळी आलेले असायचे. त्या भाताची चव मी पुढे कुठल्याच हॉटेलात शोधली नाही, कारण ती तिथे नसणार हे मला ठाऊक होतं. तिला आधीच्या दोन तासांची भूक लागते.

गावातून कुठेही जायचं तर धुऱ्यावरून. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा अरुंद बांध, एका माणसापुरता. दोन्ही बाजूंना पाण्यात उभं असलेलं धान. त्यामुळे सगळं घर, सगळं गाव एकामागे एक चालायचं. आमच्या ओळीत सर्वांत पुढे आजी असायची, हातात काठी. पुढचा माणूस साप बघतो, म्हणून पुढे जाणत्यानेच राहायचं. आजीची चाल मंद होती आणि तिच्यामागे बाबा डोक्यावर भारा घेऊन, माय टोपली घेऊन आणि मी त्याच मंद चालीने यायचो. पुढच्याला ओलांडायचं नाही, हा नियम होता. तो कुणी शिकवला नव्हता. घाई असेल तर मागच्याने ‘वाट दे’ एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. दोन धुरे जिथे मिळतात तिथे कोपऱ्यावर थोडी रुंद जागा असते. तिथे पोचल्यावर पुढचा बाजूला उभा राहायचा आणि मागच्याला जाऊ द्यायचा. कोपरा येईपर्यंत मागच्याने धीर धरायचा. धानात पाय ठेवून पुढे जाणं ही कल्पनाच नव्हती. उभ्या धानावर पाय देणाऱ्या मुलाला ज्याची बांधी असेल तोही मारायचा आणि घरी गेल्यावर बापही.

मी मूलच्या शाळेत जायचे. जाताना चार मैल, येताना चार मैल. आधी पाळ, मग धुरे, मग अर्ध्या तासाचं रान, मग सडक. सुरुवातीला आम्ही तिघी होतो. सखूचं लग्न झालं, जनी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत घरी बसली ती पुन्हा आलीच नाही. मी एकटी उरले. त्या वर्षी रानाच्या वाटेवर अस्वल दिसलं आणि मायने ठरवून टाकलं.

“मंडई झाली का शाळा बंद,” ती म्हणाली. मंडई म्हणजे दिवाळीनंतरचा आमच्या गावचा मेळा. “वाचता येते, लिहिता येते. आनखी काय पाह्यजे?”

“आठवी तरी होऊ दे वं,” बाबा म्हणाले.

“अस्वलाले इचारा आठवी होऊ देते का.”

बाबा हसले. मी त्या रात्री अंथरुणात दिवस मोजले. पोळा होऊन गेला होता, दसरा यायचा होता. माझ्या शाळेला फारतर दोन महिने उरले होते.

त्याच सुमारास नागपूरहून प्रभाबाई आल्या. इंग्रजी आणि कसरत असे दोन विषय त्या शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मुलींनीही धावलं पाहिजे असं त्यांनी आल्याबरोबर जाहीर केलं आणि एका शनिवारी मैदानावर चुन्याच्या रेघा आखून आम्हा मुलींना चार फेऱ्या पळायला लावलं. मूल गावातल्या मुली दोन फेऱ्यांत कंबर धरून बसल्या. त्यांची घरं शाळेपासून हाकेवर होती. बाकी राहिलो मी आणि विजया. विजया राइस मिलवाल्यांची मुलगी, तिचं घर शाळेच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे. ती शाळेत यायची तेव्हा घरातली कामवाली बाई तिला रस्ता ओलांडून आणून सोडायची. ती इतकी पळेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती पुढे होती आणि मी तिच्या पाठीला लागून, दोन हातांवर. चार फेऱ्या तशाच झाल्या. ती पहिली आली, मी दुसरी.

प्रभाबाई माझ्याजवळ आल्या. माझा श्वास त्यांनी ऐकला असावा; मला धाप लागलेलीच नव्हती.

“दमली होतीस का?”

“नाई बाई.”

“मग पुढे का नाही गेलीस?”

“तिनं वाट नाई देली.”

“वाट?” त्यांनी मैदानाकडे पाहिलं. तिथे दहा बैलगाड्या शेजारी शेजारी गेल्या असत्या. “अगं, एवढी मोकळी जागा पडली होती!”

“मी म्हटलं होतं बाई, वाट दे म्हनून. कोपऱ्यावर थांबन वाटलं. चारही कोपऱ्यांवर पाह्यलं.”

मुली इतक्या हसल्या की एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. विजया म्हणाली, “मले ऐकू आलं होतं. मले वाटलं हे चिडवून राह्यली, म्हनून मी आनखी जोरात पळाली.” मग पुन्हा हशा. मी मान खाली घालून उभी होते. प्रभाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “तुझं घर कुठं?” आणि मी सांगितल्यावर म्हणाल्या, “आज मी तुझ्याबरोबर येते.”

सडक आणि रान त्यांनी व्यवस्थित पार केलं. धुऱ्यावर आल्यावर बूट हातात घ्यावे लागले. त्या मोठ्या म्हणून त्यांना पुढे ठेवून मी मागे चालू लागले. त्या दोन्ही हात पसरून, एकेक पाऊल चाचपत चालत होत्या. थोड्या वेळाने आमच्या मागे गवताचा भारा घेतलेला एक माणूस आला. तोही थांबत थांबत आमच्या चालीने येऊ लागला. बराच वेळ गेल्यावर प्रभाबाईंना मागे कुणी असल्याची चाहूल लागली.

“ते केव्हापासून मागे आहेत?”

“धुरा चढलो तवापासून.”

“डोक्यावर एवढं ओझं घेऊन! मग बोलले का नाहीत?”

“काऊन बोलतील बाई? तुम्ही चालून राह्यल्या ना.”

त्या वळून त्या माणसाकडे बघायला गेल्या आणि सरळ बांधीत बसल्या, कमरेपर्यंत चिखलात. भारेवाल्याने आधी भारा कोपऱ्यावर नेऊन ठेवला, मग परत येऊन त्यांना हात दिला. वर आल्यावर त्यांनी मोडलेल्या धानाकडे पाहिलं आणि विचारलं, “हे कोणाचं?” “माझंच होय बाई,” तो म्हणाला, “राहू द्या, शहरातल्या पायाले धुरा समजत नाई.”  आमच्या अंगणात आल्यावर त्यांनी बाबांना जे सांगितलं त्यावरून मला कळलं की त्यांना सगळं समजलं होतं.

मायने त्यांना नेसायला आपलं लुगडं दिलं आणि पानात भात, लाखोरीची डाळ आणि अंबाडीची भाजी वाढली. जेवता जेवता त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमची मुलगी आमच्या सगळ्या मुलींपेक्षा जास्त पळू शकते. दसऱ्यानंतर तालुक्याच्या मुलींची शर्यत आहे. तीत जी पहिली येईल तिला चांद्याच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळते. राहणं, जेवण, शाळा, मॅट्रिकपर्यंत.” चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. “एकच जागा आहे. पहिलीलाच.”

“अन् दुसरीले?” बाबांनी विचारलं.

“दुसरीला काही नाही.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “मंग हे तं दुसरीच येईन. हिच्यापुढं कोनी असलं का हे मांगंच राह्यते.”

“तेच तर,” प्रभाबाई म्हणाल्या. “तेवढं तुम्ही शिकवा. ते मला शिकवता येणार नाही.”

माय कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने रानाबद्दल, अस्वलाबद्दल, एकट्या मुलीबद्दल जे सांगायचं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “पहिली आली तं पाहू.” मायच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ होतं.

आता माझ्या लक्षात येतं की बाबांवर प्रभाबाईंनी किती विचित्र काम टाकलं होतं. बाबांनी ते तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघंच शेतावरून येत होतो. ते पुढे, खांद्यावर कुदळ, मी मागे. आमच्या सर्वांत चांगल्या बांधीच्या धुऱ्यावर ते म्हणाले, “जा पुढं.”

“वाट द्या बाबा.”

“नाई देत.”

“कोपऱ्यावर तरी.”

“कोपऱ्यावर बी नाई देत. तुले जायचं असन तं जा.” आणि ते मुद्दाम हळू चालू लागले.

मी दोन्ही बाजूंना पाहिलं. धान पोटरीत आलं होतं, म्हणजे कणीस अजून आतच होतं. हात लावला तरी कणसाचा फुगवटा बोटांना लागायचा. त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता आणि त्या बांधीवर घरातल्या सगळ्यांची नजर होती. मी एक पाय उचलला आणि परत धुऱ्यावर ठेवला. बाबा मागे न बघता म्हणाले, “ठेव.”

“धान हाय बाबा.”

“मले दिसते. माझंच हाय. ठेव पाय.”

मला रडू येत होतं. शेवटी मी डोळे मिटून पाय ठेवला. खाली पाणी, चिखल आणि त्यात मोडणाऱ्या ताटांचा करकर आवाज. तो आवाज मला अजून आठवतो. पुढे आयुष्यात मी कितीतरी गोष्टी मोडल्या असतील, पण तसा आवाज कशाचा आला नाही. चार पावलांत मी बाबांच्या पुढे निघून धुऱ्यावर चढले. पाय पोटरीपर्यंत काळे झाले होते. मागे बघितलं तर बाबा वाकून आडवी झालेली रोपं हाताने उभी करत होते. ती उभी राहिली नाहीत. ते उठले, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, “हळू गेली. पुन्हा.”

त्या संध्याकाळी मी तीनदा धानात उतरले. पुढचे पंधरा-वीस दिवस आम्ही तलावाच्या पाळीवर सराव केला. तिथे वाट थोडी रुंद होती आणि नुकसान नव्हतं. बाबा पुढे पळायचे आणि मला अडवायचे. गावातले लोक पाळीवर बसून गंमत बघायचे. “काऊन गा, पोरगी तुले मारासाठी लागली का?” असं कुणी विचारलं की बाबा दम खात सांगायचे, “शाळेचा अभ्यास हाय.” पण शिकले ते मी त्या पहिल्या संध्याकाळीच. नंतरची फक्त उजळणी होती.

शर्यतीच्या दिवशी तालुक्यातल्या सात-आठ शाळांच्या मुली आल्या होत्या. बाबा आले होते, माय आली नव्हती. पहिल्या फेरीनंतर पुढे तिघी होत्या, दुसरीनंतर दोघी, आणि तिसरीत पुन्हा तेच: विजयाची पाठ, तिच्या दोन वेण्या, आणि मागे मी. तिसऱ्या फेरीचा शेवटचा कोपरा आला आणि गेला. आतली सवय सांगत होती की अजून एक फेरी आहे, अजून चार कोपरे आहेत. मैदानाच्या कडेला प्रभाबाई शिट्टी दातांत धरून उभ्या होत्या.  मी उजवीकडे पाय टाकला. जमीन कोरडी, कडक होती, काहीच मोडलं नाही, आणि त्याचंच मला इतकं नवल वाटलं की मी विजयाच्या पुढे कधी गेले ते मला कळलंही नाही. कळलं ते एवढंच की समोर कुणाची पाठ नाही. दोरीपर्यंत मोकळं मैदान होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं तितक्या जोरात पळाले. मी किती जोरात पळू शकते हे मलाही त्याच दिवशी कळलं.

विजया बऱ्याच वेळाने माझ्याजवळ येऊन बसली. तिने विचारलं, “तू रोज किती चालते?” मी सांगितलं.  ती म्हणाली, “आमच्या मिलमंधी उकडलेलं धान वाळवासाठी फरशी हाय मोठी. धान उचललं का मी तिथी पळते, दार लावून. धान पसरलेलं असलं का बंद. पावसाळ्यात लई पळाले भेटते.” मी तिला चाळीस पावलांवरून शाळेत येणारी लाडावलेली मुलगी समजत होते. चार भिंतींच्या आत, धान नसेल त्या दिवशी पळून ती माझ्याइतकी झाली होती. तिला माझी चार मैलांची वाट मिळाली असती तर त्या दिवशी निकाल काय लागला असता, हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं आणि उत्तर मला आवडलं नाही. आजही नाही. पण जागा मला हवी होती आणि ती मी पळून मिळवली होती, त्याची मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रभाबाई आमच्याकडे आल्या. या वेळी बूट आधीच काढलेले, आणि एकदाही न घसरता. हातात वसतिगृहाचा कागद होता. बाबांनी त्यावर सही केली. माय अंगणात तांदूळ पाखडत होती. आधी तिची भीती घालवायला हवी, हे प्रभाबाईंना माहीत होतं. म्हणून त्या तिच्याजवळ बसल्या आणि तिला ज्याची काळजी होती तेच आधी सांगायला लागल्या.

“वाटेची आता काळजी नको. वसतिगृह आणि शाळा एकाच आवारात आहेत. इकडून निघाली की तिकडे वर्गात. रस्तासुद्धा ओलांडायचा नाही. फाटकाला कुलूप, फाटकावर चौकीदार. पाणी नळाला. जेवण खालीच.”

मायचं सूप थांबलं.

“वर्गात जायले किती येळ लागते?”

“दोन मिनिटं.”

“अन् पानी आनाले?”

“आणायचंच नाही.”

मायने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. “अन् मंग पोरगी चालनार कुठी?”

  बाबा कागद हातात धरून उभे होते, जणू तो परत करायचा की काय. एवढं सगळं झाल्यावर माझी जागा या एका प्रश्नावर अडली होती, आणि प्रश्न बरोबर होता. मग मीच बोलले.

“फाटक किती वाजता उघडते ते मी इचारीन माय. सकाळी उघडत नसन तं उघडाले सांगीन. एकटीले नाई सोडलं तं बाकीच्या पोरींले संगं घेईन.”

“कवा इचारशीन?”

“गेली का. आठ-पंधरा दिवसांत.”

“आठ-पंधरा दिवस नाई,” माय म्हणाली आणि तिने सूप पुन्हा हातात घेतलं. “पहिल्याच दिवशी इचारजो. दुसऱ्या दिवसापासून बसाची सवय होते.”